चूप बसायचा दिवस

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. आईला सांगायचा प्रश्न नव्हता, ती तेव्हा नव्हतीच. मैत्रिणी आहेत — दोन, फार तर तीन. त्यांनाही नाही. एकदा शेजारच्या काकूंसमोर अगदी जिभेवर आलं होतं, तेवढ्यात त्यांच्या कुकरची शिट्टी झाली अन् त्या उठून गेल्या. सुटले बाप्पा, असं वाटलं. आज तुम्हाला सांगते आहे. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा थकले म्हणून असेल. अठ्ठावन्न वर्षांची बाई, सहा वर्षं एकच गोष्ट तोंडात धरून बसलेली — थकणार नाही तर काय होईल?

मी शाळेत शिकवत होते, यंदाच निवृत्त झाले. लिहायला बसलं की हाताला शाळेतलं मराठी येतं. घरी आम्ही असं बोलत नाही. घरी मले, तुले, काहून, कायले, अन् ‘हो’ला ‘हव’. मधेच कुठे तसं निघालं तर चालवून घ्या.

आधी लोक मला काय समजतात ते सांगू द्या. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सक्करदऱ्याला पालकांची बैठक असते. तिथे एक कार्यशाळा आहे, कागदी पिशव्या अन् फायली बनवणारी. ज्यांची बुद्धी हळू चालते अशी मोठी माणसं तिथे कामाला येतात. मुलं म्हणतो आम्ही त्यांना. मुलं कसली, तीस-चाळीस वर्षांची बायापुरुष आहेत ती. बैठकीला त्यांचे आईबाप येतात, आईबाप नसले तर भाऊबहिणी. प्रमाणपत्राचा कागद, बँकेचा कागद, पालकत्वाचा अर्ज, जे काही अडलं ते घेऊन माझ्यापाशी. ‘बाईले विचारा, बाईले सगळं माहीत आहे.’

मागच्या बैठकीला एक नवीनच बाई आली होती. नवरा गाडीवरून पडला, डोक्याला मार लागला, आता बोलायला त्याला शब्द सापडत नाहीत. सासरचे म्हणतात, त्याला काय विचारत बसते, तूच सही कर. मी तिला समजावलं. आमचं ते जिल्ह्याच्या समितीकडचं पालकत्व लहानपणापासून ज्यांना त्रास आहे त्यांच्यासाठी आहे, तुला कोर्टात जावं लागेल. पण त्याच्या आधी, म्हटलं, माय, नवऱ्याला विचार. त्याला शब्द सापडायला वेळ लागते तर वेळ दे. खुणेनं सांगेल, मान हलवेल, पण सांगेल. कायदा आधी त्याचं ऐकतो, मग तुझं. बाई रडायला लागली. माझे दोन्ही हात धरले तिनं.

‘पालक म्हणजे मालक नाही’ — हे माझं वाक्य. दर बैठकीत एकदा तरी म्हणते. टाळ्या पडतात. कधीतरी वाटतं, टाळ्या थांबवाव्या अन् सांगून टाकावं सगळ्यांना, की बायांनो, मले नका विचारू. पण मग चहा येतो अन् राहून जातं.

माझा भाऊ मिलिंद. माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. मिलू म्हणतो आम्ही, म्हणजे आता म्हणणारी मी एकटीच उरले. जन्मला तेव्हा लगेच रडला नाही, डॉक्टरांनी पाठीवर थापट्या मारून रडवला. उशिरा बसला, उशिरा चालला, सहाव्या वर्षी बोलला. अन् बोलायला लागला तर बाप्पा, काय बोलायचा! बसमध्ये कंडक्टरला नाव विचारणार, घर कुठं, पोट्टे किती. घरी पाहुणा आला की चप्पल काढायच्या आत ‘जेवून आले का?’ आम्हाला लाज वाटायची. आई म्हणायची, सहा वर्षांचं साचलं आहे त्याचं, बोलू द्या.

आता आईचं अन् अंगठ्याचं सांगते. माझे आजोबा अंगठा लावत, आजी अंगठा लावायची. आईही लग्नापर्यंत अंगठाच लावत होती. मग वस्तीतल्या विहारात बायांचा वर्ग सुरू झाला, तिथे ती सही शिकली. शिकली अन् त्या दिवशी घरी येऊन म्हणाली, ‘आपल्या घरात आता कोणाचाच अंगठा नाही लागणार.’ आमच्या घरात अंगठा म्हणजे शिवी होती. मी शिकले, त्यात काही विशेष नव्हतं. पण मिलूला सही शिकवायला आईची चार वर्षं गेली. आधी पाटी, मग कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजू. ‘मि’ची वेलांटी उलट्या बाजूला जायची. ‘लिं’वरचं टिंब राहून जायचं. चार वर्षांनी जमलं सगळं — मिलिंद. शेवटचा ‘द’ नेहमी सगळ्यात मोठा. संपलं एकदाचं, या आनंदात काढायचा तो. मग काय, दुधाच्या पिशवीवर सही, वर्तमानपत्राच्या कडेला सही, माझ्या शाळेच्या हजेरीपटावरसुद्धा एकदा.

आणखी एक सांगते, हे आमच्यासारख्या घरांतच कळेल. आयुष्यभर लेकराला शिकवायचं — नाव सांग, पत्ता सांग, आजचा वार सांग. अन् ज्या दिवशी अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढायचं, त्या दिवशी दवाखान्याच्या दारात त्याच्या कानात सांगायचं, आज काही सांगू नको. काहून? तर डॉक्टरांपुढे फाडफाड बोललं की टक्के कमी होतात. चाळीसच्या खाली गेले की सगळ्या सवलती गेल्या. सगळेच करतात हे. कबूल कोणी करत नाही. आमच्या आईनं तर त्याचं नावच ठेवलं होतं — चूप बसायचा दिवस. सकाळी आंघोळ, इस्त्रीचा शर्ट. ‘मिलू, आज कोणता दिवस?’ ‘चूप बसायचा!’ की ओठ आत ओढून घट्ट मिटायचे, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. मग आत कोणी काही विचारो, हा ढिम्म. बाहेर आलं की तर्री-पोहे, अन् घर येईस्तोवर साचलेलं सगळं बोलून घ्यायचं. दोन-चार वर्षांतून एकदा यायचा तो दिवस. मिलू त्यात पटाईत होता. त्याला एवढंच समजलं होतं की चूप बसलं की काम होते.

आई गेली त्याला आता सात वर्षं झाली. जायच्या आधी मला म्हणाली, ‘याले टाकू नको वं.’ मी नाही म्हटलं. म्हणजे, टाकणार नाही म्हटलं.

पुढच्या वर्षी मौद्याकडे एका संस्थेनं घर काढलं. एक नवरा-बायको सांभाळायला, सहा पुरुष राहायला, मागे भाजीचा तुकडा, कोंबड्या. कार्यशाळेतल्या सगळ्यांना एक दिवस दाखवायला नेलं. तिथं बबलू जाणार होता राहायला. बबलू म्हणजे मिलूचा दोस्त, पंधरा वर्षांपासून एकाच टेबलावर बसून पिशव्या चिकटवायचे दोघं. त्या दिवशी घरी आला तो फाटकातूनच ओरडत — ताई, मले मौद्याले जायचं आहे. म्हटलं, जाऊन तर आला नं? तर म्हणतो, ‘पाहाले नाही वं. राहाले.’

महिनाभर तेच. जेवताना मौदा, झोपताना मौदा. एक पिशवी भरून ठेवली होती त्यानं, दोन शर्ट, टॉर्च, आईचा फोटो. माझा फोटो नव्हता घेतला. ते मी पाहून ठेवलं होतं.

मग त्या मौद्याच्या घराचं काम पाहणाऱ्या संध्याताई अर्ज घेऊन कार्यशाळेत आल्या. माझी सही लागणार नव्हती. तो सज्ञान आहे, कोणी पालक नेमलेला नाही, कुठं जायचं ते त्याला समजतं, तो सांगतो आहे — मग त्याचीच सही हवी, असं त्या म्हणाल्या. बरोबरच होतं. मिलूनं सही केली. दहा मिनिटं लागली म्हणे. त्याच्या आयुष्यातला हा पहिला कागद, ज्याच्यावरच्या त्याच्या सहीनं खरंच काही होणार होतं. नक्कल घरी आणून दाखवली मला. ‘द’ केवढा मोठा होता.

आईनं चार वर्षं घातली ती याच्यासाठीच तर — मला आनंद व्हायला हवा होता की नाही?

नाही झाला. लोक काय म्हणतील, आई गेली अन् वर्षात बहिणीनं भावाला काढलं — हे मी स्वतःला सांगितलं. आईला शब्द दिला होता, हेही सांगितलं. दोन्ही खरं आहे, पण ते कारण नव्हतं. कारण सांगते. रोज सहा वाजता कार्यशाळेची गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबायची अन् तो फाटकाची कडी तीनदा वाजवायचा. मी घरातच असायचे, फाटक उघडंच असायचं, तरी तीनदा. त्या कडीसाठी मी पाचपासून कान लावून बसायचे. लग्न केलं नाही ते मिलूमुळे, असं मी जगाला सांगत आले. ‘भावासाठी आयुष्य दिलं बाईनं’ असं जग म्हणत आलं. तो हसत हसत पिशवी उचलून मौद्याला गेला असता तर मी कोण राहिले असते? मला एकटं राहायची भीती वाटली. तो माझ्याशिवाय राहू शकतो याचा रागही आला. भावाचा राग, ज्याला धड शर्टाची बटणं वरखाली न करता लावता येत नाहीत, त्याचा.

मी पालकत्वाचा अर्ज केला. कार्यशाळेत सगळे म्हणाले, बरं केलं बाई, तुमच्या माघारी कागद पक्के पाहिजेत. कोणालाच त्यात काही खटकलं नाही. मला मात्र पक्कं माहीत होतं, की मी पालक झाले की मौद्याच्या कागदावर त्याची एकट्याची सही पुरणार नाही. म्हणूनच केला.

सिव्हिल लाइन्सला सुनावणी होती. समितीची माणसं चांगली होती, हे मुद्दाम सांगते, नाही तर तुम्ही दोष त्यांच्यावर टाकाल. त्यांनी घाई केली नाही. एक सदस्य कुबडी घेऊन चालणारे होते. ते आपली खुर्ची ओढत मिलूच्या बाजूला येऊन बसले. म्हणाले, ‘मिलिंद, तुम्हाला कुठं राहायला आवडेल? ताईंकडे, की आणखी कुठं?’ मिलूला ‘तुम्ही’ म्हणणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी पुन्हा विचारलं. पाणी दिलं. तिसऱ्यांदा विचारलं, सोपं करून, हळू. एक शब्द पुरला असता. महिनाभर जो शब्द त्याच्या तोंडातून जात नव्हता, तोच.

मिलू ताठ बसला होता. ओठ आत ओढलेले, हात गुडघ्यांवर. कपाळावर घाम. मधेच माझ्याकडे पाहायचा, डोळ्यांनी विचारायचा, बरोबर बसलो नं?

मग त्यांनी कागद पुढे केला अन् विचारलं, सही येते का? मिलूनं पेन उचललं. माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. अशी, जरा, कोणाला दिसणार नाही इतकी. त्यानं पेन खाली ठेवलं. शाईची डबी आली. त्याचा अंगठा कसा धरायचा, हे त्या कारकुनाला सांगावं लागलं, कारण मिलूनं जन्मात अंगठा लावला नव्हता. निळा झालेला अंगठा शर्टाला लागू नये म्हणून तो हात लांब धरूनच बाहेर आला. पोहेसुद्धा डाव्या हातानं खाल्ले.

आता तुम्ही म्हणाल, झालं, सांगितलं बाईनं. नाही, अजून नाही सांगितलं. इथवरचं तर सगळेच करतात, असं म्हणून निभावता येईल. टक्क्यांसाठी चूप बसवतात, तसंच पालकत्वासाठी बसवलं. काकूंनासुद्धा एवढंच सांगणार होते मी त्या दिवशी, बहुतेक.

खरं ते सकाळचं आहे. मी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला अन् विचारलं, मिलू, आज कोणता दिवस? तो खूश झाला. आई गेल्यापासून तो दिवस आला नव्हता. पण मग थांबला. म्हणाला, कायले वं? प्रमाणपत्र तर आहे. म्हटलं, दुसरं काम आहे. तो माझ्याकडे पाहत राहिला, अन् त्याचा चेहरा असा उजळला — काय सांगू. म्हणाला, ‘मौद्याचं?’

मी ‘हव’ म्हटलं.

एवढंच. एक शब्द. तो त्या खोलीत घामाघूम होऊन, ओठ घट्ट मिटून चूप बसला, तो मौद्याला जायला मिळावं म्हणून. मी त्याला त्याच्याच हातानं ते दार लावायला लावलं, अन् तो मला खुणेनं विचारत होता की बरोबर लावतो आहे नं.

आदेश आला. संध्याताई घरी आल्या तेव्हा मी म्हटलं, पालक म्हणून माझी ना आहे, आईला शब्द दिला आहे. त्यांनी त्याचा अर्ज घडी घालून पर्समध्ये ठेवला. वाद घातला नाही. एक-दोनदा मिलूकडे पाहिलं, तो कपाटाशी पिशवी धरून उभा होता. त्या गेल्यावर मी त्याला सांगितलं, साहेब लोक नाही म्हणाले. तो म्हणाला, मी चूप नव्हतो का? म्हटलं, होता. ‘मग?’ मी भाजी लागली असेल म्हणून आत गेले. गॅस पेटवलेलाच नव्हता.

बबलू गेला. मिलूची पिशवी मी महिन्याभरानं रिकामी केली.

त्यानंतर हळूहळू त्याचं बोलणं कमी झालं. आधी कंडक्टर सुटले. मग पाहुणे. मग फोनवर ‘हॅलो’ म्हणायचा तेही गेलं. बैठकीत लोक म्हणायचे, किती शांत झाले हो तुमचे भाऊ, आमचा नुसता धिंगाणा. डॉक्टर म्हणाले, वय आहे, यांच्यात वय जरा लवकर जाणवतं. कान तपासले, डोकं तपासलं, काही निघालं नाही. मीही मान डोलावली — वय. सहीही गेली. एकदा कुरिअरवाला आला, मिलूनं त्याच्यापुढे अंगठा केला. तो बिचारा गोंधळला, म्हणे दादा, मोबाईलवर बोटानं नाव लिहायचं आहे. मीच लिहिलं मग. कडी आता एकदाच वाजते, तीही अशी की कान लावलेला नसला तर कळायची नाही.

यंदा कार्यशाळेच्या वर्धापनदिनाला बबलू आला मौद्याहून. सुटला आहे चांगला, उन्हानं रापला आहे. कोंबड्या सांभाळतो म्हणे, प्रत्येकीला नाव आहे. मिलूच्या पाठीत धपाटा घालून म्हणाला, ‘तू काहून नाही आला बे?’ मी मागेच होते, हातात त्यांच्यासाठी नाश्त्याच्या प्लेटा. मिलूनं इकडे तिकडे पाहिलं अन् कितीतरी दिवसांनी मी त्याचं पूर्ण वाक्य ऐकलं. म्हणाला, ‘माह्याच्यानं चूप बसनं नाही झालं बे. आता शिकून राहिलो.’

मी प्लेटा टेबलावर ठेवल्या. दुसरं काय करणार होते? सहा वर्षं. वय नव्हतं ते. तो सराव करत होता. आपलंच चुकलं, आपण पुरतं चूप बसलो नाही, असं त्याला वाटत होतं, अन् माणूस जसा परीक्षेचा अभ्यास करतो तसा तो रोज थोडं थोडं बोलणं सोडत होता. माझ्यासमोर, माझ्या हातचं जेवत.

दुसऱ्याच दिवशी मी संध्याताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, एक जागा आहे. पण तुम्ही पालक असलात तरी मिलिंदना विचारूनच घेणार, त्यांनी सांगायला हवं. म्हटलं, हो, हो. मला तर तेच हवं होतं. माझा हिशोब असा, की तो हो म्हणेल, मी सही करीन, अन् मागचं कोणाला काही सांगायची गरजच उरणार नाही. पाहा कशी मी!

गेल्या महिन्यात गेलो आम्ही दोघं. सकाळी तो स्वतःच इस्त्रीचा शर्ट घालून समोर उभा राहिला. बटण एक वर, एक खाली. म्हणाला, ‘कोणता दिवस?’ मी म्हटलं, नाही मिलू, आज बोलायचा दिवस आहे. मौद्याला जाऊ, संध्याताई विचारतील तर मोठ्यानं सांगायचं. तो हसला. मी त्याची परीक्षा घेते आहे असं वाटलं त्याला.

तिथल्या अंगणात खुर्च्या टाकल्या होत्या. कोंबड्या पायांत येत होत्या. संध्याताई त्याच्यासमोर बसल्या अन् विचारलं, मिलिंद, इथं राहायचं का? त्यानं ओठ आत ओढले, पाठ ताठ केली, हात गुडघ्यांवर ठेवले. एक कोंबडी त्याच्या चपलेच्या पट्ट्याला चोच मारत होती, त्याचे डोळे हसत होते, पण ओठ हलले नाहीत. संध्याताईंनी वेळ दिला, खूप दिला. बबलू मागून ओरडला, बोल नं बे! मी म्हटलं, मिलू, बोल, खरंच बोल. त्यानं माझ्याकडे पाहून ठाम मान हलवली. नाही. मग उजवा अंगठा पुढे केला अन् तसाच धरून बसला. इतकं त्याला तिथं राहायचं होतं.

संध्याताईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, हे तर किती बोलायचे आधी. काय झालं हो ताई?

सहा वर्षांत मला हे असं सरळ कोणी विचारलं नव्हतं. दोन वाक्यांचं उत्तर होतं. समोर चांगली बाई होती, ऐकून घेतलं असतं तिनं. कदाचित त्याच दिवशी सगळं सरळ झालं असतं. मी म्हटलं, वय. डॉक्टर म्हणतात, वय आहे.

त्या म्हणाल्या, मग थांबू या. मनाविरुद्ध नको. सहा महिन्यांनी पुन्हा या. अगदी मी बैठकीत सांगते तसं बोलल्या त्या.

परतीच्या बसमध्ये मिलू खिडकीशी बसला. वीज केंद्राच्या चिमण्या मागे जाईपर्यंत तो तसाच होता, ओठ मिटून. मग त्यानं मान वळवून मागे कोणी ओळखीचं नाही नं ते पाहिलं, अन् माझ्या कानाशी येऊन म्हणाला, ‘ताई, या वेळी बरोबर बसलो नं?’

मी म्हटलं, ‘हव. एकदम बरोबर.’

मग तो बोलायला लागला. आधी हळू, मग मोठ्यानं. कोणती कोंबडी बबलूची, कोणती त्याला पाहिजे. टॉर्च न्यायचा, सेल नवे घ्यायचे. पिशवी कुठं आहे ती शोधायची. या वेळी तुहाही फोटो नेतो, म्हणाला. कंडक्टर आला तर त्याला नाव विचारलं, पोट्टे किती ते विचारलं. आमचा नंदनवनचा स्टॉप येईस्तोवर तो बोलत होता, अन् मी हव, हव म्हणत होते.